सज्ज्याचा कठडा व टांगत्या कुंड्या

ज्यांच्या घरास परसू नाही, त्यांस झाडांची हौस नसते असे नाही. कोल्हापुरातील पेठांतून जुन्या वाड्यांच्या माडीस जे लाकडी सज्जे आहेत, त्यांच्या कठड्यांस कुंड्या टांगून ही हौस पुष्कळजण भागवितात. हे स्तुत्यच होय. परंतु कठडा ही केवळ शोभेची वस्तू नव्हे; त्यावर रेलून घरची मुले रस्त्याची मौज पाहतात. फुलांपायी तो कमकुवत होऊ नये, म्हणून या बाबीचा तपशील वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

लाकडाचा खरा शत्रू कुंडी नव्हे, अडकून राहिलेले पाणी होय. लाकडातील ओल शेकडा २० च्या आत असेल तोवर त्यास कुजविणारी बुरशी वाढत नाही. ओल त्याहून पुष्कळ वाढून टिकली म्हणजे तिचे काम सुरू होते. कोल्हापूर शहरात वर्षाकाठी सुमारे १००० मिलिमीटर पाऊस पडतो, व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबरात. कुंडी लाकडास चिकटून असली तर तिच्यामागील जागा वाळतच नाही. मग सागवानाचाही निभाव लागत नाही. खिळा ठोकणे तर त्याहून वाईट. त्याच्या छिद्रातून पाणी गाभ्यात उतरते व गंजाने भोवतालचे लाकूड काळे पडते.

यास्तव प्रथम कठड्याची तपासणी करावी. खांबांचे बूड व सांधे यांत दाभण टोचून पाहावे. ते सहज आत शिरल्यास आधी सुतारास बोलवावे, कुंडी मागाहून. नंतर वरच्या पट्टीवर बसेल असा रंग दिलेला लोखंडी आकडा करून घ्यावा व त्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घालावी. कुंडी व लाकूड यांत दोन बोटे अंतर असावे. आठवड्यास आकडा थोडा सरकवावा, म्हणजे त्याखालची जागाही वाळेल.

वजनाचाही हिशेब ठेवावा. ओल्या मातीने भरलेली आठ इंची कुंडी ६-७ किलोंची भरते. अशा दहा कुंड्या म्हणजे एका माणसाचा भार कठड्यावर अहोरात्र लटकत राहतो. म्हणून लहान, हलकी कुंडी घ्यावी व मातीत उसाच्या पाचटाचे कुजलेले खत मिसळावे. उन्हात चिनी गुलाब लावावा; त्यास पाणी थोडे पुरते. पुदिन्यास ओल फार लागते, तो जमिनीवरच बरा. कुंडी सज्ज्याच्या आतील अंगास टांगावी, वाटसरूच्या डोक्यावर नव्हे. खालच्या ताटलीतील पाणी साचू देऊ नये. स्वच्छ साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची पैदास आठ-दहा दिवसांत होते.

पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, कुंड्या उतरवून कठडा पुसावा, चांगला वाळवावा आणि त्यास उकळलेले जवसाचे तेल चोळावे. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये. तो आपोआप पेट घेतो. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्या. पावसाचे चार महिने कुंड्या जमिनीवर ठेवून कठडा मोकळा सोडावा, हे सर्वांत उत्तम.

झाड वाळले तर दुसरे लावता येते. आजोबा-पणजोबांनी घडविलेला कठडा कुजल्यास तसे सागवान व तसा कारागीर मिळणे दुर्घट आहे, इतके ध्यानात ठेवून वाचकांनी आपली हौस अवश्य पुरवावी.