'कमल' चालते, 'सीता' चालत नाही : मराठीची चाचणी आणि साधनांची निवड

आमच्या महाविद्यालयात प्रवेशासाठी नवी संगणक-प्रणाली आली, तेव्हा तिच्यातला मराठी-हिंदी मजकूर तपासण्याचे काम माझ्याकडे आले. साहित्याच्या प्राध्यापिकेकडे ते का, तर "मॅडम, भाषा हा तुमचा विषय," एवढेच कारण. माधव नगरातल्या घरी बसून मी पडद्यावरच्या सूचनांतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारत होते आणि हेच परीक्षण अशा समजुतीत होते. प्रवेश सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी एक मुलगी आली. अर्ज तिचे नावच घेत नव्हता. नाव साधे, सीता. चौकटीखाली लाल अक्षरांत सूचना येत होती : कृपया केवळ अक्षरे लिहा.

मी स्वतः नावे घालून पाहिली. कमल चालले. मदन, शरद, भरत हेही चालले. मीरा नाही, राम नाही, गोविंद नाही. प्रणाली तयार करणाऱ्यांकडून चाचणीचा अहवाल मागवला. त्यात नावाच्या रकान्याची चाचणी झाल्याची नोंद होती आणि सगळ्या ओळी हिरव्या होत्या. चाचणीसाठी घेतलेली नावे होती कमल आणि मदन.

घडले होते ते असे. आज संगणकावर देवनागरी लिहिली जाते ती युनिकोड या संकेतप्रणालीत. तिच्यात प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक आहे आणि त्या चिन्हाची एक जातही ठरलेली आहे. क, म, ल ही 'अक्षर' या जातीची. काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह ही मात्र 'जोडचिन्हे' या वेगळ्या जातीची. कार्यक्रम लिहिणाऱ्याने नावात फक्त 'अक्षर' जातीची चिन्हे चालतील असा नियम घातला होता. इंग्रजी नावांना तो पुरतो. देवनागरीत त्यातून काना-मात्रा नसलेलीच माणसे आत येऊ शकतात.

हा दोष हिंदीलाही अडवणारा होता, म्हणून दोन दिवसांत दुरुस्त झाला. नंतर सापडलेले दोष केवळ मराठीचे होते आणि ते दुरुस्त व्हायला दोन महिने लागले. शिंदे-होळकर-पवारांच्या काळापासून माळव्यात राहणाऱ्या मराठी माणसाला हा अनुभव नवा नाही. येथे देवनागरी म्हटले की ती हिंदीची, असे सगळेच गृहीत धरतात.

या सगळ्या प्रकरणात माझा एक जुना विद्यार्थी मदतीला आला. तो इंदूरला सॉफ्टवेअर-चाचणीचेच काम करतो. मी त्याला विचारले, "चांगले टूल कोणते? तेच घ्यायला सांगते." तो हसला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही आम्हाला संशोधनाची पद्धत शिकवताना आधी प्रश्न विचारायला लावायचात, साधने नंतर. इथंही तेच आहे. कशाची भीती वाटते ते सांगा, मग टूल सांगतो."

ती भीती सांगायला बसले आणि लक्षात आले की ती यादी त्याला करता येणारी नव्हती. ती माझ्यासारखीलाच करावी लागणार होती.

पहिली ओळ ऱ्य ची. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. वऱ्हाडे, गोऱ्हे, कुऱ्हाडे ही आडनावे या अर्ध्या र वाचून लिहिताच येत नाहीत. हिंदीत हा आकार नाही, त्यामुळे हिंदीपुरती चाचणी करणाऱ्याला तो कधी भेटत नाही. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्की या भारतीय संकेतावर आधारलेली आहे. तिच्यात ऱ हे चिन्ह द्राविडी भाषांतला एक र दाखवण्यासाठी म्हणून नोंदवलेले आहे, आणि त्याचे अर्धे रूप मराठीच्या कामी येते. मात्र हे अर्धे रूप दुसऱ्या रीतीनेही लिहिता येते. साधा र, त्याचा पाय मोडायचा, आणि पुढे एक अदृश्य जोडक घालायचा. दोन्ही रीतींनी पडद्यावर दिसते ते अगदी एकच. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. एका रीतीने नोंदवलेल्या गोऱ्हे यांना दुसऱ्या रीतीने शोधले, तर असा विद्यार्थी नाही असे उत्तर येते.

आणखी एक गुंता आहे. अनेक प्रणाली मजकूर साठवण्यापूर्वी त्याची 'सफाई' करतात, म्हणजे अदृश्य चिन्हे काढून टाकतात. जोडक गेला की दऱ्यांचा दर्या होतो. काही प्रणाली उर्दू शब्दांखालचे नुक्ते काढतात. युनिकोडच्या नियमाप्रमाणे ऱ ची फोड 'र आणि नुक्ता' अशी होते. त्या फोडीनंतर नुक्ता काढला की पुन्हा तेच, वऱ्हाडे यांचे वर्हाडे. सफाई करणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याने ऱ पाहिलेलाच नसतो.

ॲ ची गोष्ट अशीच. अ वर चंद्र असलेले हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ साली. त्याआधीच्या मजकुरात अ आणि चंद्र वेगवेगळे जोडून ते लिहिलेले सापडते. म्हणून जुन्या यादीतला 'ॲड.' आणि नव्या यादीतला 'ॲड.' डोळ्यांना सारखे दिसले तरी जुळत नाहीत.

आता साधनांकडे वळू. वर सांगितलेले दोष पकडायला ब्राउझर चालवणारे भपकेबाज साधन लागत नाही. पायथनमध्ये पायटेस्ट, जावात जेयुनिट अशी छोटी साधने असतात. ती प्रणालीचा एकेक तुकडा वेगळा काढून त्याला विचारतात : हा शब्द आत घातला, बाहेर काय आले? 'वऱ्हाडे' आत गेले आणि 'वऱ्हाडे'च बाहेर आले की नाही, एवढाच प्रश्न. अशा शेकडो चाचण्या काही सेकंदांत होतात आणि त्यांवर खर्च नाही. मुद्रितशोधकाला ही गोष्ट चटकन कळेल. पुस्तक छापून झाल्यावर चुका शोधण्यापेक्षा खिळे जुळवतानाच त्या पकडलेल्या स्वस्त.

लांबीचा दोषही याच साधनाने सापडला. अर्जात नावाला २५ 'अक्षरांची' मर्यादा होती. आम्ही एक कल्पित नाव घातले : ज्ञानेश्वर श्रीकृष्ण क्षीरसागर. शाळेतल्या रीतीने मोजली तर यात बारा अक्षरे आहेत, दोन मोकळ्या जागा धरून चौदा. यंत्र मोजते ती चिन्हे, आणि ती होतात ३०. प्रणालीने पंचविसावर कात्री चालवली आणि नाव उरले : ज्ञानेश्वर श्रीकृष्ण क्षी. मर्यादा २३ ची असती तर शेवटी नुसता पायमोडका क् लोंबकळत राहिला असता. साठवणीची मर्यादा बाइटांत असेल तर परिस्थिती आणखी बिकट, कारण प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि हेच नाव ८६ बाइटांवर जाते. जोडाक्षरांनी भरलेले एखादे लांब नाव ज्या चाचणीत नाही, त्या चाचणीतून लांबीबद्दल काहीच कळत नाही.

क्रमवारीचेही तसेच. क्रमांकानुसार लावले तर ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, म्हणून काळे आधी आणि कावळे नंतर. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर, म्हणजे कावळे आधी. क्षीरसागर यांना यंत्र क च्या घरात, खरे यांच्या आधी बसवते. मराठी यादीत त्यांची जागा हळबे यांच्याही नंतर. मराठीचा हा वेगळा क्रम युनिकोड संघाच्या सीएलडीआर या भांडारात नोंदवलेला आहे, प्रणालीला फक्त तो वापरायला सांगावे लागते. हजेरीपटाचा क्रम चुकला म्हणून कोणाचे फारसे बिघडत नाही, असे आमचे एक सहकारी म्हणाले. परीक्षेच्या दिवशी यादीत स्वतःचे नाव शोधणाऱ्या मुलाला विचारावे.

ब्राउझर चालवणारी साधने लागतात ती संपूर्ण वाट तपासायला : अर्ज उघडला, भरला, पाठवला, पावती आली. यांत जुने आणि प्रसिद्ध साधन म्हणजे सेलेनियम. जेसन हगिन्स यांनी ते २००४ साली लिहिले. त्या वेळी या क्षेत्रात मर्क्युरी नावाच्या कंपनीचा दबदबा होता. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा समजला जातो, अशा थट्टेतून हे नाव पडले. (ही थट्टाही ऱ्य वाचून मराठीत सांगता येत नाही.) मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेले प्लेरायट हे त्या मानाने नवे. नव्याने सुरुवात करणाऱ्याला ते मांडायला सोपे जाते, आणि पडद्याचे चित्र घेऊन जुन्या चित्राशी ताडून पाहण्याची सोय त्यात मुळातच आहे. दोन्ही विनामूल्य आहेत. ज्या गटाला सेलेनियम येते त्याने प्लेरायटच्या मागे धावावे असे मला वाटत नाही. आमच्या यादीतली एकही ओळ अशी नव्हती की जी यातल्या एकातच सापडावी.

या दोघांनाही जे दिसत नाही, ते अधिक महत्त्वाचे आहे. ही साधने चौकटीत तयार चिन्हे टाकतात. माणूस मात्र कळफलकावरून लिहितो. इनस्क्रिप्ट कळफलकावर ल च्याच कळीवर शिफ्टसह ळ आहे आणि र च्या कळीवर शिफ्टसह ऱ. पण आमच्या मुलांपैकी इनस्क्रिप्ट फार थोड्यांना येते. ती भ्रमणध्वनीवर, बहुधा हिंदी कळफलकाने लिहितात, आणि ळ सापडला नाही की ल लिहून मोकळी होतात. सेलेनियमला ळ शोधावा लागत नाही, म्हणून ही अडचण कोणत्याच हिरव्या अहवालात येणार नाही. तिच्यासाठी आम्ही पाच मुलांना आपापल्या फोनवर अर्ज भरायला बसवले. त्या एका तासात जेवढे कळले तेवढे आठवडाभराच्या स्वयंचलित चाचणीत कळले नव्हते.

अक्षराचे रूप हा आणखी एक विषय. मराठी ल आणि श यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने २००९ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयात ती ठरवूनही दिली आहेत. काही फॉन्टांमध्ये दोन्ही वळणे असतात, आणि पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवली असेल तरच मराठी वळण उमटते. आमच्या मराठी पानांवर भाषेची नोंद हिंदी अशी होती. ते पडद्याच्या चित्रावरून कोणाच्या लक्षात आले नाही, कारण जुने चित्रही तसेच चुकलेले होते. पाठभेद पाहणाऱ्याला हा धोका ओळखीचा वाटेल, दोन प्रती एकाच चुकीच्या प्रतीवरून उतरलेल्या असतील तर त्या एकमेकींशी उत्तम जुळतात.

ही चूक पकडली ती एनव्हीडीए या विनामूल्य वाचकाने. दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे हे साधन आहे. ते आमचे मराठी पान हिंदी उच्चारांत वाचू लागले. कान चटकन सावध होतो.

जोडाक्षर नेमके कोणत्या पायरीवर तुटते हे पाहायचे असेल, तर हार्फबझ नावाच्या मुक्त संचासोबत छोटी साधने मिळतात. क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस यांत अक्षरे जुळवण्याचे काम हाच संच करतो. त्याचे नाव फारसीवरून आले आहे, हर्फ म्हणजे अक्षर. आम्हाला त्याची गरज एकदाच पडली. एकाच वेळी हजारो अर्ज आले तर काय, यासाठी जेमीटर वापरतात. तो भाग मी प्रणालीवाल्यांवर सोडला.

यादी आता तक्त्यात आहे. तीन रकाने : आत काय घातले, काय अपेक्षित, काय आले. साधन उद्या बदलले तरी ती बदलावी लागणार नाही, म्हणून ती कोणत्याही साधनाच्या आत न ठेवता वेगळी ठेवली आहे. मराठीच्या एम. ए. वर्गातली मुले तिच्यात भर घालतात, कुणी आजीचे नाव, कुणी गावाचे. व्याकरणाच्या तासाला न मिळणारा उत्साह त्यात दिसतो, हे मान्य करायला हवे.

शेवटची ओळ एका मुलाने घातली आहे. त्याच्या वडिलांचे आडनाव एका कागदावर काळे आहे, दुसऱ्यावर काले. शिष्यवृत्तीसाठी दोन्ही कागद जुळवणाऱ्या प्रणालीने त्यांना एक माणूस मानावे की दोन? मी इंदूरला फोन केला. "हा बग नाही, मॅडम," तो म्हणाला. "हे कोणीतरी ठरवायला हवं." त्या ओळीपुढचा 'काय अपेक्षित' हा रकाना अजून रिकामा आहे.