परसदारचं कुंपण

“लोणावळ्यात लोखंडाला पाऊस खातो,” असं वडील म्हणायचे. आम्ही ऐकलं नाही. परसदारी अँगल आणि गजांचं कुंपण घातलं, रेडऑक्साइड मारलं, वर हिरवा रंग. पलीकडे खोल ओढा. पाचव्या पावसाळ्यानंतर नात कुंपणाला टेकली आणि खांब बुडातून वाकला. तिला दंडाला धरून मागे ओढलं. पण त्या रात्री मला झोप आली नाही.

इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर धुकं. खांब काँक्रीटमध्ये शिरतो तिथे पाणी साचतं आणि नेमका तिथेच गंज धरतो. या वेळी वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले पाइप घेतले. जस्त आधी स्वतः झिजतं, लोखंडाला वाचवतं. मात्र वेल्डिंगच्या धगीने ते जळतं. म्हणून सांधे घासून त्यांवर जस्ताचा रंग हवाच. (वेल्डिंगवाला ‘चालतंय हो’ म्हणतो. चालत नाही!) पाइपांच्या तोंडाला टोपणं, काँक्रीटला बाहेरच्या बाजूला उतार. स्टेनलेस स्टीलचा भाव ऐकून मात्र मी नुसताच चहा पिऊन परतलो.

नात आता येता-जाता प्रत्येक खांब हलवून बघते.