गोठ्याची पाहणी व गोठ्याची वही

लहान खातेदाराचें दैनंदिन जीवन शेतापेक्षां गोठ्याशीं अधिक बांधलेलें असतें. पीक पेरल्यावर कांहीं दिवस वाट पाहतें. गुरें एक वेळहि वाट पाहत नाहींत. दोन बैल, एक गाय, एक म्हैस, चार-पांच शेळ्या व परसांत दहा कोंबड्या, एवढा प्रपंच माणदेशांतील तीन-चार एकरांच्या शेतकऱ्याकडे सर्रास आढळतो. पावसानें दगा दिला म्हणजे घरांत रोख पैसा येतो तो ह्याच प्रपंचांतून. असें असूनहि सातबाऱ्याचा उतारा आपण जितक्या काळजीनें जपतों, त्याच्या चवथ्या हिश्शानेंहि गोठ्याची नोंद ठेवीत नाहीं. आमचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें असल्यामुळें ह्या एका उणीवेविषयीं शेतकरी बंधूंस दोन शब्द सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम दिनक्रम पाहूं. पहांटे गोठ्यांत शिरल्यावर झाडू हातीं घेण्यापूर्वीं क्षणभर उभें राहून पाहावें. जनावर रवंथ करतें कीं नाहीं, नाकपुडी ओलसर आहे कीं कोरडी, शेण पातळ आहे कीं घट्ट, आणि रात्रीची वैरण गव्हाणींत शिल्लक आहे काय, ह्या चार गोष्टी पाहण्यास पैसा लागत नाहीं. आजार उघड दिसण्यापूर्वीं जनावर बहुधा चारा टाकतें व कळपापासून बाजूस राहतें.

नंतर धार. कास कोमट पाण्यानें धुऊन कोरडी पुसावी. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर घ्याव्या. दुधांत गुठळ्या दिसल्यास दगडीची सुरवात समजावी. जनावर पान्हवल्यावर सुमारें सात मिनिटांच्या आंत दूध काढून घ्यावें, व तें मुठीनें काढावें. अंगठा मुडपून काढल्यानें सडास इजा होते. दुभत्या गाईस उन्हाळ्यांत दिवसाला ४० लिटरांहून अधिक पाणी लागतें, म्हणून दिवसांतून एकदां आडावर नेऊन भागत नाहीं. जूं सोडतांच बैलाच्या खांद्यावर हात फिरवावा. सूज लागल्यास दुसऱ्या दिवशीं औत धरूं नये. सायंकाळीं शेळ्या मोजून आंत घ्याव्या व खुराडें लावावें.

आतां विचार असा कीं, हें सर्व पाहतें कोण? बहुतेक घरीं धार काढणारी, शेण काढणारी व आंबोण ठेवणारी घरांतील बाई असते. जनावराचें बिघडलेलें तिला आधीं कळतें. परंतु डॉक्टरांस वर्दी द्यावयाची कीं नाहीं हें ठरवितो घरचा मालक, आणि तो बाजारांत किंवा तालुक्यास गेलेला असतो. आमच्या पाहण्यांतील एका घरीं सुनेनें सोमवारीं सकाळींच दुधांतील गुठळ्या पाहिल्या. सांगणें-विचारणें होऊन डॉक्टर आले ते गुरुवारीं. तोंवर गाईचा एक सड कायमचा निकामी झाला होता. दोष ना सुनेचा, ना डॉक्टरांचा. पाहिलेली गोष्ट त्याच दिवशीं योग्य ठिकाणीं पोहोंचण्याची सोय त्या घरांत नव्हती.

ती सोय म्हणजे गोठ्याची वही. दर जनावरास एक पान द्यावें. वर नांव, वेत, व कानांतील बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक लिहावा. खालीं तारीखवार नोंद ठेवावी: दूध, माज, रेतन, लस, आजार. ही वही जी धार काढते तिच्याच हातीं असावी. तिला लिहितां येत नसल्यास शाळेंतील मुलीनें रोज सायंकाळीं विचारून लिहावें. मालकानें जेवणापूर्वीं ती वाचावी.

ह्यांत लाभ काय तें हिशेबानें पाहावें. गाय सुमारें २१ दिवसांनीं माजावर येते. एक माज चुकला कीं २१ दिवसांची वैरण व्यर्थ गेली. रेतनाची तारीख लिहिलेली असल्यास २१ व्या दिवसाच्या सुमारास गाय उलटली काय हें पाहतां येतें, आणि पुढें अडीच-तीन महिन्यांनीं गाभण असल्याची तपासणी करतां येते. गाईचा गर्भकाळ सुमारें २८० दिवस, म्हशीचा ३१०, शेळीचा १५०. विण्यापूर्वीं दोन महिने दूध आटवावें लागतें. "दिवाळीच्या सुमारास फळली असावी" ह्या आठवणीवर तें साधत नाहीं. वासरूं जन्मल्यावर पहिल्या तासांत त्यास चीक मिळाला पाहिजे, व त्यासाठीं त्या रात्रीं जागें राहणारें मनुष्य हवें. घटसर्प व फऱ्या ह्यांची लस पावसाळ्यापूर्वीं, लाळ्या-खुरकुताची सहा महिन्यांनीं, शेळ्यांस आंत्रविषाराची मृगापूर्वीं, ह्या तारखाहि वहीच सांगते.

कोणी म्हणेल, चार गुरें डोळ्यांसमोर असतां वही कशास? त्यास आमचें उत्तर असें कीं, जमीनहि डोळ्यांसमोरच असते, तथापि बांधाचा तंटा कागदावांचून मिटत नाहीं. बुळकांडीसारखा काळरोग २०११ सालीं जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें, तें लसीमुळें तर खरेंच, परंतु गांवोगांव आजारी जनावराचा शोध ठेवल्यामुळेंहि. सन २०२२ मध्यें लम्पीची सांथ महाराष्ट्रांत पसरली, तेव्हां अंगावरील गांठी प्रथम ओळखून जनावर वेगळें बांधण्याचें काम गोठ्यांतील माणसाचेंच होतें.

सन २०२१ मध्यें ई-पीक पाहणी सुरू झाली व पूर्वीं तलाठी करीत ती पिकाची नोंद खातेदारास स्वतः करतां येऊं लागली. गोठ्याची नोंद तर पूर्वींपासून आपल्याच हातीं आहे. तिला ना अर्ज लागतो, ना दाखला. येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेस शंभर पानी वही आणून पहिल्या पानावर घरच्या गाईचें नांव घालावें, व वही धार काढणारीच्या हातीं द्यावी, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.