शस्त्रक्रियेनंतरची वेदना

छत्तीसगढच्या दुर्ग जिल्ह्यात, भिलाईच्या उत्तरेस, अहिवारा हे लहान शहर आहे. जवळच नंदिनीच्या चुनखडीच्या खाणी असून भिलाईच्या पोलाद कारखान्यास तेथील दगड पुरविण्यात आला आहे. अशा कष्टकरी वस्तीत हर्नियाची शस्त्रक्रिया कोणास नवी नाही. ती करून घ्यावयास निघालेला माणूस प्रथम विचारतो, ‘दुखेल का?’ त्याचा रोख सुरीकडे असतो. परंतु सुरीच्या वेदनेवर उपाय सापडून पावणेदोनशे वर्षे होऊन गेली. आज अधिक विचार करावयाचा तो दुसऱ्या दिवसाचा.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथे मॉर्टन याने ईथर हुंगवून रुग्णास भूल दिली. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म वापरात आणला. तो हुंगण्यास सुखकर होता, पण काही रुग्ण त्याने अकस्मात दगावत. ह्याचे कारण शोधण्यासाठी १८८८ व १८८९ साली हैदराबादेत दोन आयोग बसले. श्वासावर लक्ष ठेवले की पुरे, हृदयास धोका नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो चुकीचा ठरला. हलक्या भुलीतही क्लोरोफॉर्मने हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो, हे लेव्ही याने १९११ साली प्रयोगाने दाखविले. मात्र त्याच हैदराबादेत डॉ. रूपाबाई फर्दूनजी भूल देण्याचे काम करीत. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

हर्नियासाठी पुष्कळदा सारे शरीर निद्रिस्त करण्याची गरज नसते. जर्मनीच्या बीर याने १८९८ साली मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात औषध सोडून शरीराचा खालचा भाग बधिर केला. आज कमरेच्या मणक्यांमधून, जेथे मज्जारज्जू संपलेला असतो अशा ठिकाणी, बारीक सुईने दोन-तीन मिलिलिटर औषध देतात. रुग्ण जागा असतो, पण दोन-तीन तास त्यास कंबरेखाली वेदना कळत नाही. ‘पाठीतल्या इंजेक्शनाने कंबर जन्माची जाते’ ही समजूत सर्वत्र ऐकू येते. तिला आधार नाही. काहींना नंतर डोके दुखण्याचा त्रास होतो, हे मात्र खरे. सुया बारीक झाल्यापासून तोही कमी झाला आहे.

औषध उतरले की जखम बोलू लागते. आपल्याकडे अशा वेळी दात आवळून पडून राहणे हा धीर मानला जातो. शरीर मात्र त्याची किंमत वसूल करते. पोट दुखते म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो. कफ साचून फुप्फुसाचा दाह होण्याची भीती वाढते. तो पाय हलवीत नाही, मग पायाच्या शिरांत रक्त गोठण्याचा संभव असतो. झोप लागत नाही, अन्न जात नाही. इतकेच नव्हे, वेदनेचे संदेश सतत येत राहिले तर मज्जारज्जू अधिक संवेदनशील होतो आणि साध्या स्पर्शानेही दुखू लागते.

म्हणून वेदनेला तिच्या वाटेवर अनेक ठिकाणी अडविण्यात येते. जखमेत निर्माण होणाऱ्या दाहकारक द्रव्यांवर सूज उतरविणारी औषधे, मज्जातंतूवर बधिर करणारे इंजेक्शन, मज्जारज्जू व मेंदूवर मॉर्फिन, आणि या सर्वांच्या जोडीला पॅरासिटामॉल. प्रत्येकाची मात्रा थोडी, म्हणून प्रत्येकाचा दुष्परिणामही थोडा. डेन्मार्कच्या केलेट याने १९९० नंतरच्या दशकात ही पद्धत लवकर चालविणे व लवकर खाऊ घालणे यांच्याशी जोडली. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून रुग्णास तहानेने व्याकूळ ठेवण्याची रीतही आता मागे पडत आहे: घन अन्न सहा तास आधी बंद, साधे पाणी मात्र बहुतेकांस दोन तास आधीपर्यंत, अर्थात डॉक्टरांनी निराळे सांगितले नसेल तर.

मॉर्फिनचे नाव काढताच घरची माणसे व्यसनाच्या धास्तीने मान हलवितात. देखरेखीखाली दोन-चार दिवस दिलेल्या मात्रेने व्यसन जडण्याचा धोका अल्प असतो. श्वास मंदावतो का, हे मात्र पाहावे लागते. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने हे औषध मिळणे कठीण झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी मोकळी केली.

औषध पुरेसे आहे की नाही हे निजलेल्या रुग्णाकडे पाहून कळत नाही. जाणती परिचारिका त्याच्या पोटावर उशी धरावयास लावते, एकदा खोकावयास सांगते, आणि शून्य ते दहा यांपैकी किती दुखले ते विचारते.