घास घशाखाली उतरेपर्यंत

पक्षाघाताचा रुग्ण दवाखान्यातून घरी आला की कोणी नारळपाणी घेऊन येतं, कोणी डिंकाचे लाडू. 'अशक्तपणा आलाय, खाऊ घाला' हा सल्ला तर भेटायला येणारा प्रत्येकजण देतो. काय खायला द्यायचं यावर तासभर चर्चा होते. गिळता येतंय का, हे क्वचितच कोणी विचारतं.

सुरुवातीच्या दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांना गिळायला त्रास होतो. पुष्कळांचा तो काही आठवड्यांत कमी होतो, पण मधला काळ जपण्याचा. घोट गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं आणि श्वासनलिकेचं तोंड झाकलं जातं. मेंदूला इजा झाली की ही वेळ चुकते. अन्न, पाणी, लाळसुद्धा फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होऊ शकतो. ठसका लागला तर निदान कळतं तरी. काहींना तोही लागत नाही. जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरता येणं, धाप लागणं, वरचेवर बारीक ताप येणं, यांवरूनच मग ओळखायचं.

सगळ्यात फसवं पाणी. ते जिभेवर थांबत नाही, सरळ घशात धावतं. म्हणून शिरा नीट खाणाऱ्या माणसाला चहाने ठसका लागतो, आणि घरचे चक्रावतात. त्यातून आजारी माणसाला पडल्या पडल्या चमच्याने पाणी पाजायची आपली जुनी सवय! ती आधी सोडावी. रुग्णाला पाठ ताठ ठेवून बसवावं, आणि जेवण झाल्यावरही अर्धा तास तसंच बसू द्यावं.

कुणाला काय झेपेल हे स्पीच थेरपिस्ट तपासून सांगतात. बोलण्याबरोबर गिळण्याचे उपचारही त्यांच्याकडेच असतात. अन्नाच्या घट्टपणाच्या शून्य ते सात अशा आंतरराष्ट्रीय पायऱ्या ठरलेल्या आहेत, आणि मऊपणाची एक परीक्षा घरीही करता येते. काट्याने घास दाबायचा. तो चुरगळला आणि पुन्हा फुगून पूर्ववत झाला नाही, तर पुरेसा मऊ. ज्यांना मऊ अन्नाची परवानगी आहे त्यांच्यासाठी आपल्या स्वयंपाकघरात पुष्कळ आहे: घोटलेली मुगाची खिचडी, नाचणीचं सत्त्व, गुरगुट्या भात, दह्यात कालवलेला मऊ भात, कुस्करलेला भोपळा. गोची होते ती पातळ आमटीतल्या भाताने. एकाच घासात पाणीही आणि शितंही. तोंडाला दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत. चुरमुरे, फरसाण, कोरडी भाकरी, चिकट लाडू तूर्त नकोतच. पाणी दाट करायची पावडर मिळते, पण ती थेरपिस्टने सांगितली तरच वापरावी. दाट पाणी कोणालाच आवडत नाही, त्यामुळे पिणं घटतं; लघवी कमी आणि गडद होतेय का, यावर लक्ष हवं.

घास लहान, टीव्ही बंद, गप्पा नंतर. पुढचा घास देण्याआधी आधीचा उतरलाय ना, ते पाहावं, कारण लुळ्या बाजूच्या गालात अन्न साठून राहतं आणि रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो. दात-तोंड दिवसातून दोनदा तरी स्वच्छ करावं. नाकातून अन्नाची नळी असली तरीसुद्धा. घाणेरड्या तोंडातली लाळ आत उतरली की न्यूमोनियाला वाव मिळतो.

मेंदूच्या उजव्या बाजूला इजा असेल तर ताटाची डावी बाजू तशीच राहू शकते. घरचे म्हणतात, 'भाजीला हात लावत नाहीत, नखरे नुसते.' नखरे कसले, त्या बाजूची भाजी त्यांच्या लक्षातच येत नाही! ताट फिरवून द्यावं. जमेल तितकं स्वतःच्या हाताने खाऊ द्यावं: जाड दांड्याचा चमचा, काठाचं ताट, खाली ओलं फडकं. सांडेल, वेळ लागेल, लागू द्या. आणि भूक नाही म्हणत सगळंच नाकारत असतील तर डॉक्टरांना सांगा. साधारण तिघांतल्या एकाला पक्षाघातानंतर नैराश्य येतं, आणि त्यावर उपचार आहेत.

मिठाबद्दल मात्र मी कडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सांगितलंय. लोणचं-पापड त्यातच मोजायचे. चीनमधल्या 600 गावांतल्या, 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पोटॅशियममिश्रित मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी आढळले. पण मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधं चालू असतील, तर हे मीठ घातक ठरू शकतं. रक्त गोठू न देणारं वॉरफेरिन हे औषध चालू असेल तर पालेभाजी बंद करू नये, पण प्रमाण रोज सारखं ठेवावं.

दवाखान्यातून निघताना औषधांची यादी सगळेच मागतात. त्याच वेळी गिळण्याची तपासणी झाली का, आणि कोणत्या घट्टपणाचं अन्न-पाणी चालेल, हेही कागदावर लिहून मागा.