सामूहिक वनहक्क आणि वनसंवर्धन : मेंढा (लेखा) व पाचगाव

प्रस्तावना :
भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार वनांचे नियंत्रण प्रामुख्याने शासनाकडे एकवटले व वननिवासी समाज आपल्याच परिसरात परका ठरला. १९९० मध्ये केंद्र शासनाने संयुक्त वनव्यवस्थापनाचे धोरण स्वीकारले; परंतु त्यातही राखणीचे काम ग्रामस्थांकडे आणि अंतिम निर्णय वनखात्याकडे अशीच विभागणी राहिली. वनहक्क कायदा, २००६ ने प्रथमच सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व व्यवस्थापन हा हक्क म्हणून मान्य केला. तसेच कलम ५ अन्वये वने, वन्यजीव व जैवविविधता यांच्या रक्षणाचे अधिकार ग्रामसभेस दिले. असा हक्क दिल्यास वने नष्ट होतील, ही शंका मात्र आजही व्यक्त केली जाते. त्या दृष्टीने पुढील दोन गावांचा अनुभव उद्बोधक आहे.

मेंढा (लेखा) :
गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील या गोंड गावात ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने होतात. निर्णयापूर्वी अभ्यासगटात विषयाची चर्चा होते. मधमाश्या न मारता मध काढण्याची पद्धतही गावाने अंगीकारली. २००९ मध्ये गावास सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तथापि कायद्याने बांबू गौण वनोपज ठरविलेला असतानाही वाहतूक परवान्याअभावी त्याची विक्री अडली. ग्रामसभेने चिकाटीने पाठपुरावा केला आणि २७ एप्रिल २०११ रोजी परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. कागदोपत्री मिळालेला हक्क प्रत्यक्षात येण्यास अशा प्रकारे सुमारे दोन वर्षे लागली.

पाचगाव :
चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावास २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर वनावर हक्क मिळाला. बांबूविक्रीचे उत्पन्न हाती येताच ग्रामसभेने तेंदूपाने तोडणे थांबविले. चांगल्या पानांसाठी फांद्या छाटल्या जात व वणवे लावले जात. त्यामुळे झाडांची हानी होई. छाटणी थांबल्याने माणसांना व पक्ष्यांना खाद्य असलेली तेंदूची फळे झाडावर टिकू लागली. शिवाय सुमारे ३४ हेक्टर वन गावाने कोणतीही तोड न करता स्वेच्छेने राखून ठेवले. देवराईची जुनी परंपरा येथे नव्या रूपात अवतरली, असे म्हणता येईल.

निष्कर्ष :
१. उत्पन्नाचा त्याग करण्याचा निर्णय पाचगाव घेऊ शकले, कारण उपजीविकेचे दुसरे साधन त्याच्याच ताब्यात होते. हक्क व संयम परस्परविरोधी नाहीत, हे यावरून स्पष्ट होते.
२. विक्री व वाहतुकीच्या अधिकाराविना मिळालेला वनहक्क अपुरा ठरतो.
३. दोन्ही गावांत कायद्यास ग्रामसभेच्या नियमित विचारविनिमयाची जोड मिळाली. जेथे ती नाही, तेथे केवळ हक्कपत्र दिल्याने वनसंवर्धन साधेलच असे नाही. म्हणूनच हक्कांच्या मान्यतेइतकेच ग्रामसभेचे सक्षमीकरणही आवश्यक आहे.