निकोलेट रस्त्यावरच्या इमारती

वाचकहो, होमिओपॅथीच्या डॉक्टरने अमेरिकेतल्या दुकानांच्या इमारतींवर लिहावे याचे तुम्हाला नवल वाटेल. कारण साधे आहे. मुलगी मिनिआपोलिसला नोकरी करते, तिच्याकडे मी दोन हिवाळे काढले. बाहेर गुडघाभर बर्फ, फिरणे बंद. मग दुपारी ग्रंथालयात बसून त्या शहराचे जुने नकाशे आणि फोटो पाहण्याचा नाद लागला. एकाच कोपऱ्याचे वेगवेगळ्या सालांतले फोटो शेजारी ठेवले की इमारती माणसांसारख्या जन्मताना, आजारी पडताना आणि जाताना दिसतात. त्यातही १९५० ते १९७५ ही पंचवीस वर्षे मला विलक्षण वाटली. त्यांचीच हकिकत तुम्हाला सांगायची आहे.

अमेरिकेतल्या शहरांचा मध्यभाग, म्हणजे तिकडे ज्याला डाउनटाउन म्हणतात तो, का ओसरला असे विचारले तर ठरलेले उत्तर मिळते : मोटारी आल्या, मॉल आले, बाजार बसला. हे खोटे नाही, पण अर्धेच आहे. मॉल कोणी बांधला, पैसा कुठून आला, आणि बाजार वाचवण्यासाठी जे उपाय केले त्यांनी बाजाराचे काय केले, हे पाहिल्याशिवाय रोगाची नीट कल्पना येत नाही.

मिनिआपोलिस मिसिसिपी नदीच्या धबधब्याकाठी वसले. पिठाच्या गिरण्यांनी त्याला श्रीमंती दिली. एके काळी जगात सर्वांत जास्त पीठ तिथे दळले जाई. त्या पैशातून नदीपासून आत जाणाऱ्या रस्त्यांवर दगडी पेढ्या, बँका, गोदामे उभी राहिली. दुकानांचा मुख्य रस्ता म्हणजे निकोलेट. तिथल्या इमारतींची रचना तुम्हाला परकी वाटणार नाही. खाली दुकान, वरच्या मजल्यांवर वकील, शिंपी, विमा कंपन्या, फोटोग्राफर. आपल्याकडे गणपत गल्लीत खाली कापडाचे दुकान आणि माडीवर दवाखाना असतो, तसेच. फक्त मजले जास्त आणि लिफ्ट. निकोलेटवर मेडिकल आर्ट्स नावाची एक उंच इमारत तर १९२० च्या दशकात खास डॉक्टर आणि दंतवैद्य यांच्यासाठीच बांधली होती. मी तिच्यापुढे जरा जास्तच वेळ उभा राहिलो, हे कबूल करतो.

या रस्त्यावरचे सर्वांत मोठे नाव डेटन. जॉर्ज ड्रेपर डेटन हा मूळचा वर्दिंग्टन या लहान गावचा बँकवाला. निकोलेट आणि सातव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक चर्च होते. ते १८९५ मध्ये जळाले. ती जागा डेटनने घेतली आणि १९०२ साली तिथे सहा मजली इमारत उभी केली. त्याला दुकान चालवायचे नव्हते, भाडे हवे होते. पण भाडेकरूच्या धंद्यात भागीदार होता होता दुकानच त्याच्या गळ्यात पडले, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्या शहरात ‘डेटनमध्ये जाणे’ म्हणजेच बाजारात जाणे असे झाले. जवळच डोनाल्डसन हे प्रतिस्पर्धी दुकान. त्याच्या भरपूर काचांमुळे लोक त्याला ‘ग्लास ब्लॉक’ म्हणत.

१९२९ साली फोशे टॉवर झाला आणि त्यानंतर बांधकाम जवळजवळ थांबले. आधी महामंदी, मग महायुद्ध. (या टॉवरच्या उद्घाटनासाठी मालकाने प्रसिद्ध संगीतकार सूसाकडून खास कूच-गीत लिहून घेतले. त्याच्या मोबदल्याचा धनादेश वटला नाही आणि मालक पुढे फसवणुकीबद्दल तुरुंगात गेला. असो.) म्हणजे १९५० साली जो माणूस निकोलेटवर उभा राहील त्याला दिसणारे बहुतेक सगळे किमान वीस वर्षे जुने होते, आणि बरेचसे साठ वर्षांचे. त्याच वर्षीच्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५,२१,७१८ भरली. तो आकडा कळसाचा ठरला. १९८० मध्ये ती ३,७०,९५१ होती.

माणसे गेली कुठे? शहराबाहेर, बंगल्यांच्या वसाहतींत. डेटन कुटुंबाच्या तिसऱ्या पिढीतले पाच भाऊ तेव्हा दुकान चालवत होते. गिऱ्हाईक दूर चालले हे त्यांनी ओळखले आणि एडिना या उपनगरात मोठी जमीन घेतली. आर्किटेक्ट नेमला व्हिक्टर ग्रुएन. हा व्हिएन्नाचा ज्यू. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा तो अमेरिकेत पळून आला होता. त्याने दुकानाच्या नोंदींवरून काढले की मिनिआपोलिसमध्ये बाजारहाट करायला चांगले हवामान वर्षातून जेमतेम १२६ दिवस असते. मग त्याने रस्त्यालाच छप्पर घातले. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी उघडलेले ‘साउथडेल’ हे अमेरिकेतले पहिले पूर्ण बंदिस्त, हवा नियंत्रित केलेले मॉल. आत कायम २४ अंशांच्या आसपास तापमान, मध्ये चौक, झाडे, पक्ष्यांचा उंच पिंजरा, दोन मजले, सत्तरावर दुकाने. बाहेर पाच हजारांहून जास्त गाड्या उभ्या राहतील एवढे मैदान. एका टोकाला डेटन, आणि दुसऱ्या टोकाला कोण? निकोलेटवरचा त्यांचा प्रतिस्पर्धी डोनाल्डसन. त्याला डेटन बंधूंनी स्वतः बोलावले. म्हणजे निकोलेट रस्त्याला ग्रहण लावणारे मॉल हे त्या रस्त्यावरच्याच दोन बड्या दुकानांचे अपत्य होते, ही गोष्ट ठरलेल्या उत्तरात येत नाही.

ग्रुएनला दुकानांचे कोठार बांधायचे नव्हते. त्याच्या आराखड्यात मॉलभोवती घरे, शाळा, दवाखाने, बाग, तळे होते. व्हिएन्नातल्या चौकांची त्याला आठवण होती. पण दुकाने उभी राहताच भोवतालच्या जमिनीचा भाव वाढला आणि बाकीचा आराखडा बहुतेक कागदावरच राहिला. १९६८ मध्ये तो व्हिएन्नाला परतला. उतारवयात त्याने जाहीर भाषणात मॉलचे पितृत्व साफ नाकारले. परतल्यावर त्याला काय दिसले, तर त्याच्या जुन्या गावाबाहेरही मॉल येऊ घातला होता.

आता पैशाची बाजू. हिशेब थोडा कंटाळवाणा आहे, पण तुम्हा व्यापारी वाचकांना लगेच पटेल. इमारत झिजते म्हणून मालकाला दरवर्षी उत्पन्नातून घसारा वजा करता येतो. समजा इमारत शंभर रुपयांची, आयुष्य चाळीस वर्षे. सरळ पद्धतीने वर्षाला अडीच रुपये वजा होतील. १९५४ च्या अमेरिकन कर कायद्याने नव्या बांधकामाला सुरुवातीच्या वर्षांत जास्त घसारा लावण्याची मुभा दिली. दुप्पट दराने लावला तर पहिल्याच वर्षी पाच रुपये. म्हणजे भाड्याचे पैसे खिशात येत असताना कागदावर तोटा दिसतो आणि कर वाचतो. जुनी इमारत विकत घेणाऱ्याला एवढी सवलत नव्हती. परिणाम असा की निकोलेटवरची चांगली दगडी इमारत दुरुस्त करण्यापेक्षा शेतजमिनीवर नवी बांधणे, काही वर्षे घसारा खाणे आणि मग विकून टाकणे फायद्याचे झाले. त्यातच १९५६ च्या महामार्ग कायद्याने ४१,००० मैलांच्या रस्त्यांचा नव्वद टक्के खर्च केंद्र सरकारने उचलला. गिऱ्हाइकाने कुठे जायचे हे बरेचसे तिथेच ठरले.

मध्यभागातल्या व्यापाऱ्यांना खरा धक्का बसला तो जनरल मिल्सचा. पिठाच्या धंद्यातली ही बडी कंपनी आपले मुख्य कार्यालय उचलून १९५८ मध्ये गोल्डन व्हॅली या उपनगरात गेली. दुकान गेले तर गिऱ्हाईक जाते, कार्यालय गेले तर दुपारचा चहा, शिंपी, न्हावी सगळेच जाते. व्यापाऱ्यांनी १९५५ मध्येच डाउनटाउन कौन्सिल ही संघटना स्थापली होती. उपचार सुरू झाले.

पहिला उपचार शस्त्रक्रियेचा. नदीजवळचा जुना भाग, गेटवे, तोपर्यंत गरिबांचा झाला होता. हंगामी मजूर, निवृत्त रेल्वे कामगार, दारूत बुडालेले एकटे पुरुष तिथे स्वस्त लॉजमध्ये राहत. वर जाळी लावलेल्या खुराड्यांसारख्या खोल्या असत. जॉन बासिच नावाच्या तिथल्या दारूच्या दुकानदाराने या माणसांचे चित्रीकरण केले आहे. ते पाहिले की ती वस्ती आकड्यांत मावत नाही. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यानुसार पालिकेने अशी वस्ती सक्तीने ताब्यात घ्यायची, पाडायची, मोकळी जमीन स्वस्तात विकासकाला विकायची, आणि या व्यवहारातल्या तोट्याचे दोन तृतीयांश केंद्राने भरायचे, अशी सोय होती. १९५९ ते १९६३ या काळात जवळजवळ २०० इमारती जमीनदोस्त झाल्या. अडीच हजारांच्या आसपास माणसे हलली. त्यांतली पुष्कळशी शेजारच्या गल्ल्यांत जाऊन राहिली. होमिओपॅथीत आम्ही याला दडपणे म्हणतो : त्वचेवरचे लक्षण मलम लावून घालवावे आणि त्याने आत कुठेतरी डोके वर काढावे.

पाडलेल्यांत मेट्रोपॉलिटन बिल्डिंग होती. १८९० साली बांधलेली, बारा मजली, हिरवट ग्रॅनाइट आणि तांबड्या वालुकाश्माची. तिचे खरे सौंदर्य आत होते. तळापासून छतापर्यंत मोकळा चौक, वर काचेचे छप्पर, प्रत्येक मजल्यावर चौकाभोवती नक्षीदार लोखंडी कठड्यांचे सज्जे, आणि त्या सज्ज्यांची जमीनसुद्धा जाड काचेची, म्हणजे उजेड खालपर्यंत झिरपावा. वाड्याचा चौक बारा मजले उंच केला तर कसा दिसेल, याची कल्पना करा. ती मोडकळीला आलेली नव्हती. कार्यालये चालू होती. मालक न्यायालयात गेला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि हरला. शेजारची वस्ती वाईट म्हणून ही चांगली इमारतही योजनेच्या हद्दीत आली होती, आणि विकासकाला जुनी इमारत शेजारी नको होती. डिसेंबर १९६१ मध्ये पाडकाम सुरू झाले.

गेटवेमध्ये नवे काय आले? यामासाकी या आर्किटेक्टने निकोलेटच्या टोकाला विमा कंपनीसाठी बारीक पांढऱ्या खांबांची देखणी इमारत बांधली. ती चांगली आहे, नाही म्हणणार नाही. (न्यू यॉर्कचे पडलेले जुळे मनोरे त्याचेच.) शेरेटन-रिट्झ हे आलिशान हॉटेल १९६३ मध्ये उघडले आणि १९९० मध्ये पाडले गेले. बाकी कित्येक चौकांवर वर्षानुवर्षे नुसत्या गाड्या उभ्या राहिल्या. मेट्रोपॉलिटन एकाहत्तर वर्षे उभी होती, तिच्या जागच्या नव्या भागातले हॉटेल सत्तावीस वर्षांत म्हातारे झाले. घसाऱ्याच्या हिशेबाने पाहिले तर यात आश्चर्य नाही.

दुसरा उपचार साउथडेलचे अनुकरण. १९६२ मध्ये लेस्ली पार्क या विकासकाने दोन इमारतींचे दुसरे मजले रस्त्यावरून काचेच्या बंद पुलाने जोडले. याला ‘स्कायवे’ म्हणतात. उणे वीस तापमानात कोट न घालता जेवायला जाता येते, हे सुख मी स्वतः घेतले आहे आणि त्याची थट्टा मी करणार नाही. आज असे पूल आणि त्यांना जोडणारे मार्ग मिळून साडेनऊ मैलांच्या आसपास जाळे आहे. पण याने इमारतीचा तळमजलाच बदलला. शेकडो वर्षे दुकानाची सर्वांत मोलाची जागा रस्त्यालगत होती, ती एक मजला वर गेली. खालच्या काचा मागे रिकामे गाळे दिसू लागले. शिवाय पूल खासगी. संध्याकाळी इमारतीचे दार बंद झाले की वाट बंद. रस्ता असा बंद करता येत नाही.

रस्त्यावर माणूस आणायचा उपायही झाला. १९६७ मध्ये लॉरेन्स हॅल्प्रिनच्या आराखड्याप्रमाणे निकोलेटवर खासगी मोटारींना बंदी केली, बससाठी नागमोडी वाट ठेवली, पदपथ रुंद केले. अमेरिकेत असे पुष्कळ रस्ते फसले. हा बराच काळ चालला, कारण बस चालू राहिल्या आणि कार्यालये जवळ होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फिलिप जॉन्सनने आयडीएस ही पन्नासहून अधिक मजल्यांची इमारत बांधताना तिच्या पायथ्याशी काचेच्या छपराचा मोठा चौक ठेवला. रस्त्यावरून आत येणारे आणि पुलांवरून येणारे, दोघे तिथे एकमेकांना दिसतात. मी तिथे अर्धा अर्धा दिवस बसलो आहे. पाडलेल्या मेट्रोपॉलिटनच्या चौकाशी त्याचे नाते कोणालाही जाणवेल.

त्या पाडकामाची हळहळ मात्र वाया गेली नाही. १९७२ मध्ये शहराने वारसा जतन आयोग नेमला. बटलर ब्रदर्सचे १९०६ चे प्रचंड विटांचे गोदाम १९७४ मध्ये आतून मोकळे करून कार्यालयांसाठी वापरात आणले गेले. जाडजूड लाकडी खांब तसेच ठेवले. डोनाल्डसनची जुनी इमारत मात्र १९८२ मध्ये, ती पाडली जात असतानाच, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी जळाली आणि शेजारच्या बँकेची सोळा मजली इमारत घेऊन गेली.

आणि डेटन? त्या कुटुंबाने १ मे १९६२ रोजी रोझव्हिल येथे स्वस्त मालाचे एक दुकान उघडले, नाव टार्गेट. आपल्याकडची मुले बेंगळुरूला ज्या टार्गेटच्या कार्यालयात कामाला जातात, तेच. हे रोपटे मूळ झाडाला मागे टाकून वाढले. निकोलेटवरच्या दुकानावर पुढे दुसऱ्या कंपन्यांच्या पाट्या लागल्या, आणि मार्च २०१७ मध्ये ते कायमचे बंद झाले. इमारत तशीच आहे, तिच्यात आता कार्यालये केली आहेत. साउथडेल अजून चालू आहे. गाड्यांच्या मैदानाचा एक कोपरा घेऊन २०१४ मध्ये तिथे राहण्याच्या सदनिका उघडल्या, ज्या ग्रुएनने आराखड्यात १९५० च्या दशकातच मागितल्या होत्या.